विश्लेषण : सफरचंदाच्या बागेत किडींचा बंदोबस्त कसा होतो? औषधापेक्षा वेळ महत्त्वाची का ठरते?

हिमाचल प्रदेशातील शिमला आणि कुल्लू जिल्ह्यांत मार्चच्या सुमारास सफरचंदाच्या झाडांवर पान नसते, फूल नसते आणि सहज डोळ्यांना दिसेल अशी कीडही नसते. तरीही बागायतदार पाण्याचे पिंप, पंप आणि नळ्या बाहेर काढतात. वर्षातली सर्वांत महत्त्वाची फवारणी याच दिवसांत होते. ती हुकली, तर पुढे उन्हाळाभर महागडी औषधे मारूनही काढणीच्या वेळी फळांवर लाल ठिपके दिसतात आणि पेटीचा भाव पडतो. कोणते औषध किती मारायचे, हा सफरचंदावरील कीड व्यवस्थापनाचा अर्धाच भाग. ते कधी मारायचे आणि कधी मारायचेच नाही, हा उरलेला अर्धा भाग अधिक अवघड आहे. अमेरिकेपासून काश्मीरपर्यंतचे बागायतदार गेली सव्वाशे वर्षे तो किंमत मोजून शिकत आले आहेत.

किडींमुळे नेमके काय पणाला लागते?

देशातील सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जम्मू-काश्मीरमध्ये पिकतात. उरलेल्यांत हिमाचल प्रदेशचा वाटा सर्वांत मोठा आहे, तर उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेशातही काही प्रमाणात लागवड आहे. या डोंगराळ भागांत लाखो कुटुंबांचे वर्षाचे गणित या एका फळावर अवलंबून असते. सोयाबीन किंवा कापसावर कीड पडली तर एका हंगामाचे नुकसान होते, पुढच्या वर्षी पीक बदलता येते. सफरचंदाचे तसे नाही. पारंपरिक पद्धतीने लावलेले झाड चांगले फळ धरू लागायला सहा-सात वर्षे घेते आणि नंतर काही दशके उत्पन्न देते. खोड किंवा मुळे किडीने खाल्ली, तर या सगळ्या वर्षांची गुंतवणूक जाते.

दुसरे नुकसान दिसण्याचे असते. सफरचंद प्रतवारीवर विकले जाते. रंग, आकार आणि साल स्वच्छ असेल तर वरची प्रत मिळते. सालीवर चार ठिपके असले तरी आतला गर गोडच असतो, पण फळ खालच्या प्रतीत जाते. डागाळलेली, लहान आणि गारपिटीचा मार बसलेली फळे हिमाचल सरकार ‘बाजार हस्तक्षेप योजने’तून खरेदी करते आणि त्यांचा बराचसा भाग रसासाठी वापरला जातो. २०२३ मध्ये या फळांना किलोला १२ रुपये दर ठरला होता. स्वच्छ फळाला बाजारात याच्या कितीतरी पट भाव मिळतो. त्यामुळे बागायतदार एकेका ठिपक्याला घाबरतो आणि या भीतीतूनच नको तेव्हा फवारणीही होते.

सफरचंदावर कोणत्या किडी येतात?

झाडाचा एकही भाग किडींनी सोडलेला नाही. मुळांवर आणि फांद्यांवर लोकरी मावा असतो. सालीवर ‘सॅन होजे’ खवले कीड चिकटते. खोडात खोडकिडा शिरतो. जमिनीत मुळे पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळ्या असतात. पानांवर सुरवंट, भुंगे आणि पाने पोखरणाऱ्या अळ्या येतात, तर फुलांत फुलकिडे शिरतात. शिवाय पानामागे लाल कोळी असतो. तो आठ पायांचा असल्याने शास्त्रीयदृष्ट्या कीटक नव्हे, पण बागायतदारासाठी कीडच. जगातील बहुतेक सफरचंद प्रदेशांत फळात शिरणारी ‘कॉडलिंग मॉथ’ ही पतंगाची अळी पहिल्या क्रमांकाची शत्रू मानली जाते. भारतात मात्र ती लडाखपुरती राहिली आहे.

या सगळ्यांवर एकच औषध आणि एकच वेळ चालत नाही. सोलनजवळच्या नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या व वानिकी विद्यापीठ आणि श्रीनगरचे शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशींच्या आधारे फवारणीचे वेळापत्रक ठरते. त्यात तारखांपेक्षा झाडाच्या अवस्थेला महत्त्व असते. कळीचे हिरवे टोक दिसणे, कळी अर्धा इंच हिरवी होणे, गुलाबी कळी, पूर्ण बहर, पाकळ्या गळणे, अक्रोडाएवढे फळ अशा या अवस्था. कारण उंचीनुसार हंगाम बदलतो. खालच्या भागातील बागेत फुले गळून गेलेली असतात, तेव्हा हजारभर मीटर वरच्या बागेत कळ्या उमलायच्या असतात. शेजारच्या तालुक्यात फवारणी झाली म्हणून आपल्याकडे आजच करायची, असे चालत नाही.

‘सॅन होजे’ खवले एवढी घातक का?

कॅलिफोर्नियातील सॅन होजे गावाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कीड आढळली, म्हणून हे नाव. मूळची ती पूर्व आशियातील असावी, असे मानले जाते. नर्सरीच्या रोपांबरोबर ती जगभर पोहोचली. तिच्या धास्तीने जर्मनीने १८९८ मध्ये अमेरिकी फळे आणि रोपांच्या आयातीवर निर्बंध घातले होते.

तिची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. पिवळसर, धुळीच्या कणाएवढी पिल्ले काही तास फांदीवर फिरतात आणि मऊ जागा मिळताच सोंड खुपसून बसतात. एकदा बसले की मादी पिल्लू पुन्हा हलत नाही. अंगावर मेणाचे कवच तयार होते आणि त्याखाली राहून ते रस शोषते. कवचामुळे औषध आत पोहोचत नाही. कीड वाढली की फांद्या राखेने माखल्यासारख्या दिसतात, वाळतात आणि दुर्लक्ष झाले तर अख्खे झाड मरते. फळावर बसलेल्या प्रत्येक किडीभोवती लालसर वलय उमटते.

म्हणजे वर्षात तिला गाठण्याच्या संधी दोनच. एक हिवाळा संपताना, जेव्हा ती अर्धवट वाढलेल्या अवस्थेत सालीवर निपचित असते. दुसरी मेच्या सुमारास, जेव्हा कवच नसलेली पिल्ले बाहेर पडतात. मधल्या काळात मारलेले औषध बरेचसे वाया जाते.

पान येण्याआधी तेल का फवारतात?

पहिल्या संधीसाठी बागायतदार खनिज तेल वापरतात. कळी अर्धा इंच हिरवी झाल्यापासून गुलाबी होण्याआधीपर्यंत २०० लिटर पाण्यात चार लिटर बागायती खनिज तेल मिसळून झाड धुऊन काढल्यासारखे भिजवायचे, अशी हिमाचलमधील रूढ शिफारस आहे. २०० लिटरचे पिंप हेच तिथले माप. औषधांच्या शिफारशीही ‘एका पिंपाला इतके’ अशाच दिल्या जातात.

तेलात विष नसते. त्याचा पातळ थर किडीच्या अंगावर बसतो, श्वासाची छिद्रे बुजतात आणि ती गुदमरते. कळ्यांच्या आसपास हिवाळाभर टिकलेली लाल कोळ्याची अंडीही या फवारणीत मरतात. गुदमरून मारणाऱ्या उपायाला कीड सहजासहजी निर्ढावत नाही, हा मोठा फायदा. शिवाय त्या वेळी बागेत मधमाश्या आणि बहुतेक मित्रकीटक फिरत नसतात.

पण पथ्ये आहेत. कडाक्याची थंडी, पाऊस किंवा हिमवृष्टीची शक्यता असताना तेल फवारले तर ते वाया जाते किंवा कळ्यांना इजा होते. गंधक किंवा कॅप्टानसारख्या बुरशीनाशकांच्या फवारणीच्या मागेपुढे ते वापरता येत नाही, पाने करपतात. मुख्य म्हणजे तेल जिथे लागते तिथेच काम करते. फांदीची मागची बाजू कोरडी राहिली तर तिथली कीड जिवंत राहते. मोठ्या जुन्या झाडाला आठ-दहा लिटर द्रावण लागते. पाणी खांद्यावरून किंवा खेचरावरून वर आणावे लागणाऱ्या बागेत इथेच काटकसर होते आणि तीच पुढे महाग पडते.

औषधाला कीड निर्ढावते, हे कधी कळले?

सफरचंदाच्या बागेतच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सॅन होजे’ खवले किडीवर चुना आणि गंधकाचे द्रावण फवारले जाई. काही बागांत ते चालेनासे झाले. भेसळ असेल, फवारणी नीट झाली नसेल, असे आधी वाटले. ए. एल. मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने मात्र तपासणी करून १९१४ मध्ये निबंध लिहिला. कीटक फवारणीला प्रतिकारक्षम होऊ शकतात का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. कीटकनाशकाला कीड निर्ढावल्याची जगातील ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. कापसावरील बोंडअळी आणि पांढऱ्या माशीच्या निमित्ताने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना पुढे जो अनुभव आला, त्याची पहिली नोंद अशी सफरचंदाच्या झाडावर झाली.

औषधामुळेच नवी कीड तयार होते, ती कशी?

कॉडलिंग मॉथसाठी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिसे आणि आर्सेनिकयुक्त ‘लेड आर्सेनेट’ वापरले जाई. तिथल्या काही जुन्या बागांच्या मातीत ते आजही सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि अळी जवळपास नाहीशी झाली. पण थोड्याच वर्षांत तोवर किरकोळ असलेल्या लाल कोळ्याने बागा तांबूस केल्या. कोळ्याला खाणारे भक्षक कोळी आणि ढालकिडे डीडीटीने मारले होते, लाल कोळी मात्र त्यातून तगला होता.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात ए. डी. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात वेगळी वाट धरली. मित्रकीटकांना कमीत कमी इजा होईल अशी औषधे, गरजेपुतीच आणि ठरावीक वेळी वापरायची, ही त्यांची पद्धत. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकात या कामाची दखल घेतली. आज ज्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात, त्याच्या पायाभरणीत या सफरचंद बागांचा मोठा वाटा आहे.

हिमाचलमध्येही लाल कोळी गेल्या काही दशकांतच मोठी कीड म्हणून पुढे आला. इतर किडींसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार मारल्यास भक्षक कोळी मरतात आणि लाल कोळी बेसुमार वाढतो. पाने तांबूस पडतात, अन्न तयार होणे मंदावते, फळ लहान राहते आणि पुढच्या वर्षीची फुलेही घटतात. म्हणूनच कोळी दिसला की लगेच औषध, असे न करता आधी मोजणी करण्याचा सल्ला दिला जातो. बागेतील वेगवेगळ्या झाडांची पाने तोडून भिंगाखाली पाहायची आणि पानामागे सरासरी सहा ते आठ कोळी भरले तरच कोळीनाशक वापरायचे. तेही प्रत्येक वेळी वेगळ्या गटातले.

बहरात फवारणी का टाळायची?

हिमाचल-काश्मीरमध्ये सर्वाधिक लावल्या गेलेल्या ‘डेलिशियस’ गटातील वाणांच्या फुलांना स्वतःचा पराग चालत नाही. ‘गोल्डन डेलिशियस’सारख्या दुसऱ्या वाणाचा पराग कीटकांनी आणून द्यावा लागतो. बहर दहा-पंधरा दिवसांचा असतो आणि त्यातही ऊन-थंडीमुळे मधमाश्या सक्रिय असतात असे दिवस मोजकेच. त्यासाठी हिमाचलमधील बागायतदार मधपेट्या भाड्याने आणतात. पेट्या बागेत असताना कीटकनाशक मारणे म्हणजे पैसे मोजून आणलेल्या माश्या स्वतःच्या हाताने मारणे.

म्हणून फुलकिड्यांसाठी फवारणी करायचीच असेल तर गुलाबी कळीच्या अवस्थेत, आणि त्यानंतरची पाकळ्या गळाल्यावर असा नियम आहे. एका बागेने तो पाळून भागत नाही. मधमाशी दोन-तीन किलोमीटर फिरते. शेजारच्या, थोड्या वेगळ्या उंचीवरच्या बागेत फुले आधी गळाली आणि तिथे फवारणी झाली, तरी फटका याच बागेला बसतो. चीनच्या सिचुआन प्रांतातील माओशियन भागात परागीकरण करणारे कीटक घटल्यावर माणसांनी झाडांवर चढून कुंचल्याने सफरचंदाच्या फुलांवर पराग लावल्याची नोंद आहे. अंदाधुंद फवारणी हे त्यामागचे एक कारण मानले गेले.

लोकरी माव्यावर औषधाविना उपाय कोणता?

महाराष्ट्रात लोकरी मावा म्हटले की ऊस आठवतो. २००२ मध्ये सांगली भागातून पसरलेल्या उसावरील लोकरी माव्याने साखरपट्टा हादरला होता आणि पुढे डिफा, मायक्रोमस, एन्कार्शिया या मित्रकीटकांनी त्याला आटोक्यात आणले. सफरचंदावरचा लोकरी मावा ही वेगळी कीड आहे, पण तिची गोष्टही अशीच आहे.

मूळच्या उत्तर अमेरिकेतील या माव्याचा शत्रूही तिथलाच. ‘अफेलिनस माली’ नावाची एक मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडे घालते. आतली अळी माव्याला खाऊन टाकते आणि काळा पडलेला पोकळ मावा फांदीला चिकटून राहतो. न्यूझीलंडने १९२१ मध्ये ही माशी नेली. भारतातही ती स्वातंत्र्यापूर्वीच आणली गेली आणि डोंगरात रुळली. पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यात काळे, भोक पडलेले मावे दिसले, तर माशी कामाला लागली आहे असे समजायचे आणि औषध आवरायचे. अशा फांद्या कापून माशी नसलेल्या बागेत नेऊन बांधण्याची पद्धतही आहे.

मात्र माशी जमिनीखाली जात नाही. मुळांवर गाठी करून राहणारा मावा तिथे सुरक्षित राहतो आणि पुन्हा वर येतो. यावर इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात उत्तर शोधले गेले. ‘नॉर्दर्न स्पाय’ या वाणाला मावा लागत नाही, हे ठाऊक होते. त्याच्याशी संकर करून ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील संस्थांनी ‘मॉलिंग-मर्टन’ खुंट तयार केले. ‘एमएम १०६’ आणि ‘एमएम १११’ हे खुंट त्यातलेच. द्राक्ष बागायतदार ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात, तसेच हे.

आता अडचण नव्याने उभी राहते आहे. हिमाचल आणि काश्मीरमध्ये अतिघन लागवड वाढते आहे. तारांच्या आधाराने, जवळजवळ लावलेली ठेंगणी झाडे दोन-तीन वर्षांतच फळ देऊ लागतात. त्यासाठी लोकप्रिय असलेला ‘एम ९’ हा खुंट लोकरी माव्याला प्रतिकारक्षम नाही. जिनिव्हा मालिकेतील काही नव्या अमेरिकी खुंटांत ही प्रतिकारक्षमता आहे. म्हणजे माव्याचा अर्धा बंदोबस्त रोप निवडतानाच ठरतो.

‘सॅन होजे’साठीही असे मित्रकीटक आहेत. ‘एन्कार्शिया पर्निसिओसी’ ही परोपजीवी माशी आणि ‘चिलोकोरस’ हे काळे ढालकिडे खवल्यांवर जगतात. प्रयोगशाळेत ही माशी वाढवण्यासाठी लाल भोपळ्यावर खवले कीड पोसली जाते आणि त्यावर माशी सोडली जाते.

हाताने होणारी कोणती कामे महत्त्वाची?

कीड व्यवस्थापनातील बरीच कामे हिवाळ्यात, छाटणीच्या कात्रीनेच होतात. तंबूसारखे जाळे विणणाऱ्या सुरवंटाची मादी बारीक फांदीभोवती अंड्यांचे कडे घालते. छाटणीत ती फांदी कापून जाळली, तर शेकडो सुरवंट जन्मालाच येत नाहीत. खवल्यांनी भरलेल्या फांद्याही बागेत न ठेवता नष्ट करायच्या असतात. खोडकिड्याच्या भोकातून भुसा बाहेर पडताना दिसला की तार घालून अळी मारायची किंवा पेट्रोलचा बोळा घालून भोक चिखलाने लिंपायचे, हा जुना उपाय आजही चालतो.

काश्मीरमध्ये जिप्सी पतंगाचे सुरवंट रात्री पाने खातात आणि दिवसा सालीच्या फटीत लपतात. खोडाला गोणपाटाचा पट्टा बांधला की ते त्याखाली जमतात आणि सकाळी गोळा करून मारता येतात. हिमाचलमध्ये मुळे पोखरणाऱ्या भुंग्याची अळी तीन वर्षांहून अधिक काळ जमिनीत राहते. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत तिचा उपद्रव जास्त. भुंगे मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर येतात आणि दिव्याकडे झेपावतात. त्या दिवसांत प्रकाश सापळा लावून एक भरलेली मादी पकडणे, हे नंतर मुळाशी औषध ओतण्यापेक्षा स्वस्त पडते. महाराष्ट्रात हुमणीसाठी पहिल्या पावसानंतर हेच केले जाते.

कॉडलिंग मॉथबाबत जगात काय केले जाते?

या पतंगाची अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात फळात शिरते. नंतर कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अंडी फुटण्याचा दिवस ओळखणे हेच मुख्य काम ठरते. त्यासाठी कामगंध सापळ्यात पहिले नर पतंग सापडले की रोजच्या तापमानाची बेरीज सुरू होते. १० अंश सेल्सिअसच्या वर जेवढी उष्णता मिळते, तेवढीच या किडीची वाढ होते. फॅरेनहाइटमध्ये मोजलेली ही बेरीज २५० च्या आसपास पोहोचली की अंडी फुटू लागतात आणि पहिली फवारणी तेव्हा होते.

या पतंगाच्या मादीचा गंध १९७१ मध्ये ओळखला गेला. पुढे तोच गंध सोडणाऱ्या नळ्या बागभर टांगण्याचे तंत्र आले. हवेत सगळीकडे गंध पसरला की नराला मादी सापडत नाही आणि मीलन होत नाही. पण ही युक्ती एकट्या छोट्या बागेत फसते, कारण शेजारून गर्भार मादी उडून येते. म्हणून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांत १९९५ पासून शेकडो एकरांच्या बागा एकत्र करून हा कार्यक्रम राबवला गेला आणि तीव्र कीटकनाशकांचा वापर बराच घटला. कॅनडातील ओकानागन खोऱ्यात १९९४ मध्ये किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग सोडायला सुरुवात झाली.

भारतात ही कीड लडाखबाहेर पडू नये, यावर भर आहे. त्यासाठी तिथली ताजी सफरचंदे आणि जर्दाळू बाहेर पाठवण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते. लडाखच्या शेतकऱ्यांना त्याची झळ बसली. पण ही अळी काश्मीर खोऱ्यात उतरली तर प्रत्येक बागेच्या वेळापत्रकात अनेक नव्या फवारण्यांची भर पडेल.

काश्मीरमध्ये सध्या कशाची चिंता आहे?

गेल्या काही वर्षांत काश्मीर खोऱ्यातील अनेक बागांत पाने पोखरणारी अळी पसरली आहे. पानाच्या आत राहून ती गोल तपकिरी चट्टे करते. पाने अवेळी गळतात आणि फळ पोसत नाही. वर्षात तिच्या अनेक पिढ्या होतात आणि अळी पानाच्या दोन थरांमध्ये असल्याने वरून मारलेल्या औषधाचा उपयोग मर्यादित राहतो. तिचे पांढरे कोष सालीवर, फळाच्या देठाच्या खोबणीत आणि अगदी लाकडी खोक्यांवरही चिकटलेले असतात. त्यामुळे वाहतुकीतून ती नव्या भागात जाऊ शकते. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे, खोडावरची सैल साल खरवडणे आणि शेजारच्या बागांनी एकाच वेळी उपाय करणे, यावर तज्ज्ञांचा भर आहे. घाबरून दर आठ दिवसांनी औषधे बदलून मारणे हा धोक्याचा मार्ग. त्याने पानातली अळी वाचते आणि तिला खाणाऱ्या परोपजीवी माश्या मरतात.

मग सगळे बागायतदार हेच का करत नाहीत?

कारण बागा लहान आणि एकमेकींना लागून आहेत. एकाने मोजणी करून फवारणी टाळली आणि शेजाऱ्याने सोडून दिलेली जुनी झाडे खवल्यांनी भरलेली असतील, तर संयम पाळणाऱ्याचेच नुकसान होते. ‘सॅन होजे’ तर आसपासच्या इतर झाडाझुडपांवरही जगते.

दुसरे कारण सल्ल्याचे. भिंग घेऊन पाने तपासायला वेळ आणि सराव लागतो. औषधाच्या दुकानात मात्र दोन मिनिटांत बाटली आणि सल्ला दोन्ही मिळतात. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि कोळीनाशक एकाच पिंपात मिसळले की मजुरी वाचते, म्हणून गरज नसलेले औषधही त्यात जाते. तिसरे कारण जोखमीचे. मोजणी चुकली तर वर्षाचे उत्पन्न जाणार, आणि एक जादा फवारणी त्या मानाने स्वस्त वाटते. तिचा खरा खर्च दोन-तीन वर्षांनी, लाल कोळ्याच्या रूपाने समोर येतो. तोवर दोष दुसऱ्याच कुणाला दिला गेलेला असतो.

या सगळ्यात फवारणी करणाऱ्या मजुराचे आरोग्यही आहे. उंच झाडावर वर तोंड करून औषध मारताना ते अंगावर येतेच. मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे न वापरणारे अनेक जण असतात. म्हणून टाळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी खर्चाबरोबर हा धोकाही कमी करते.

ग्राहकाने यातून काय घ्यावे?

वाशीच्या घाऊक फळबाजारात येणाऱ्या हिमाचल आणि काश्मीरच्या पेट्यांत चकचकीत, निष्कलंक फळालाच सर्वाधिक मागणी असते. ती मागणी शेवटी डोंगरातील बागेत फवारणी होऊन पोहोचते. सालीवर खवल्यांचे दोन-चार लाल ठिपके असलेले सफरचंद धुऊन खाण्यात काहीच गैर नाही. ठिपका सालीपुरताच असतो. उलट, ठिपका नसणे म्हणजे औषध नसणे, असेही नाही. शेवटची फवारणी आणि काढणी यांत औषधाच्या वेष्टनावर दिलेले अंतर पाळले गेले का, यावर अवशेष ठरतात. द्राक्ष निर्यात करणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हा नियम तोंडपाठ आहे. देशांतर्गत बाजारातील फळांसाठीही अवशेषांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, पण निर्यातीच्या मालाची होते तितकी काटेकोर तपासणी प्रत्येक पेटीची होत नाही.

अतिघन लागवड, नवे खुंट आणि परदेशातून येणारी रोपे यांमुळे पुढच्या काही वर्षांत डोंगरातील बागांचे रूप बदलणार आहे. झाडे ठेंगणी झाली की फवारणीला पाणी कमी लागेल, मागच्या फांद्याही नीट भिजतील. पण जवळजवळ लावलेल्या झाडांत कीड पसरायलाही वेळ लागत नाही आणि रोपांबरोबर नवी कीड येण्याची वाट उघडी राहते. ‘सॅन होजे’ही अशाच रोपांबरोबर जगभर पोहोचली होती. त्यामुळे आयात रोपांचे विलगीकरण नीट होणे, गावातील बागांनी मिळून एकाच वेळी फवारणी करणे आणि बाटली उघडण्याआधी पान उलटून पाहणे, या तीन गोष्टींना पर्याय नाही.